जपानी मॅडमची दिवाळीची सुट्टी आणि आमची अडलेली सही

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी क्लास उघडणार होता. त्या दिवशी फॉर्मवर सही करून द्यायची होती आणि दिवाळी तोंडावर आली तरी माझं काहीच ठरत नव्हतं. म्हणून मी गाडी काढली.

आधी फॉर्मचं सांगतो. माझी मुलगी पायल नर्सिंग शिकली. वर्षभर यवतमाळच्या एका क्लासात जपानी भाषा शिकली आणि जपानमधल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्यासाठी तिची निवड झाली. करार तीन वर्षांचा. फॉर्मवर आई आणि बाप दोघांच्या सह्या पाहिजेत. पायलच्या आईचं म्हणणं सरळ होतं: "आपली म्हातारी सोडून लोकाची म्हातारी धुवाले कायले पाठवता पोरीले?" माझं म्हणणं काय, ते मलाच माहीत नव्हतं.

मी बाभुळगावच्या एसटी स्टँडबाहेर हवेच्या एका पंपावर आणि पाण्याच्या घमेल्यावर पंक्चरचा धंदा सुरू केलेला माणूस. ट्यूब कानाशी धरली की हवा कुठून चालली ते मला कळतं. आज यवतमाळात टायरचं दुकान आहे, भाड्यानं द्यायला दोन गाड्या आहेत. माणूस बोलला की तो घेणार की नुसता भाव विचारणार, हे मी पहिल्या वाक्यात सांगतो. मग ठरवलं, जपान कसा आहे ते क्लासच्या जपानी मॅडमकडूनच काढून घ्यायचं. नोरिको मॅडम तीन वर्षांपासून यवतमाळात राहतात. पंचावन्नच्या आसपासच्या, बारीक, सदा हसतमुख. सुट्टीत कुठं जाणार विचारलं तर म्हणाल्या, "अजून यवतमाळ जिल्हा पाहिला नाही." म्हटलं, गाडी आपली, डिझेल आपलं, तीन दिवस फिरवतो. तीन दिवसांत दगडही बोलता होतो, असा माझा अंदाज.

बायकोनं झाडूसकट दारात उभं राहून विचारलं, "घरात जाळे लटकून राह्यले अन् तुमी चालले जपान दाखवाले?"

"जपानले यवतमाळ दाखवाले," मी म्हणालो. झाडू पुढं यायच्या आत गाडी काढली.

धनतेरस : कळंब

सातला येतो म्हणून सांगितलं होतं, म्हणजे मी सात-दहाला पोचलो. आपल्याकडे हे सातच. मॅडम पावणेसातपासून फाटकाशी उभ्या होत्या. मला पाहून वाकल्या आणि त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "माफ करा, तुमची खूप घाई झाली असेल."

मी गाडीत पायलला हळूच विचारलं, "हा टोमणा होता का?"

"नाही बा."

"मंग काय होतं?"

पायलनं जरा विचार केला. "टोमणाच होता. पण जपानी."

यवतमाळहून कळंब मोठ्या रस्त्यानं तासाभराच्या आतलंच. रस्ता झकास आहे, सकाळी निघाल तर ट्रकही कमी. चिंतामणीचं देऊळ म्हणजे पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जायचं. बाहेर ऊन तापलेलं असलं तरी खाली गार. सणाची गर्दी होती, पण रेटारेटी नव्हती. मॅडम पायऱ्या मोजत उतरल्या, हात जोडले आणि पूर्ण कमरेत वाकल्या. मागच्या बाईला वाटलं काही पडलं, तीही वाकून शोधायला लागली.

वर आलो तर माझ्या चपला जागेवर होत्या, पण तोंडं फिरलेली. मी टाकल्या देवळाकडे तोंड करून, त्या उभ्या रस्त्याकडे तोंड करून. शेजारी शेजारी, शाळेतल्या पोरांसारख्या. मला वाटलं चोरानं पाय घालायची तयारी केली आणि मी वेळेवर आलो. पायल म्हणाली, "बा, मॅडमनं फिरवल्या. त्यांची सवय हाय." मी म्हटलं असेल.

बाहेर एका टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. कळंबला गेलात तर पोह्यावर तर्री आधी अर्धीच घ्या, मग वाढवा. मॅडमनी पूर्ण घेतली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, चेहऱ्यावर हसू. "थोडं तिखट आहे," म्हणाल्या आणि प्लेट पुसून खाल्ली. हा चांगला मोका होता.

"मॅडम, पायलचं जमन का तिकडं?"

त्या थांबल्या, मान एका बाजूला कलती केली, तोंडानं हवा आत ओढली. "थोडं कठीण आहे."

आता आमच्या धंद्यात थोडं कठीण म्हणजे होतं, फक्त दोन तास जास्त लागतात. पण पायलचा चेहरा उतरला. तिनं सांगितलं की जपानमध्ये असं म्हणाले की बहुतेक नाहीच समजायचं. मी मॅडमला विचारलं, "म्हणजे नाही का?" तर त्या हसून म्हणाल्या, "पायल खूप मेहनती आहे."

सांगा आता. एका ताटात नाही आणि हो दोन्ही वाढले.

परत येताना दुपारी अडीचला त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. लिंबाच्या झाडाखाली उभ्या राहून फोन केला. दहा मिनिटं ताठ उभ्या, मधून मधून फोनलाच वाकून नमस्कार. मला वाटलं मोठ्या साहेबाचा फोन असेल. गाडीत बसल्यावर त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. हसू तेवढं तसंच होतं.

दुसरा दिवस : झरी जामणी

झरीला जायचं तर पांढरकवड्यापर्यंतचा रस्ता मख्खन आहे, पुढे आत वळलात की डबा आणि पाणी सोबत ठेवा, हॉटेलच्या भरवशावर राहू नका. टाकी पांढरकवड्यालाच भरून घ्या. सागाची झाडं दोन्ही अंगांनी, मधूनच कापसाचं पांढरं शेत, मग परत साग. मॅडम खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

एका कोलाम वस्तीत माझ्या ओळखीचे एक आजा बांबूचे टोपले विणतात. मी दर साली दुकानासाठी तिथून टोपले आणतो. आम्ही पोचलो तेव्हा ते अंगणात बांबू चिरत बसले होते. मॅडम समोर मातीतच बसल्या. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला, दोन तास झाले. आजा आजीशी कोलामीत बोलत होते, मॅडम पायलशी जपानीत, मी दुकानावर फोन लागतो का पाहत आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत चडफडत होतो. आजांनी शेवटी मला विचारलं, "ही बाई इकत घेणार हाय, का पाहतच राहणार हाय?"

"मी दोन दिवसांपासून तेच शोधून राह्यलो," मी म्हणालो.

मॅडमनी तीन टोपले घेतले. आजांनी भाव सांगितला, सवयीनं थोडा चढवूनच, घासाघीस होणार म्हणून. मॅडमनी तेवढेच पैसे दोन्ही हातांनी पुढे धरले आणि मान झुकवली. आजा गडबडले. त्यांनीही दोन्ही हातांनी घेतले आणि मान झुकवली. मॅडम परत झुकल्या. आजाही झुकले. आजी चुलीपासून ओरडली, "बस करा, पाठ भरून येईन!" मग आजांनी आत जाऊन एक छोटी टोपली आणून फुकट दिली. जास्त घेतल्याची लाज वाटली असावी. ती घेऊन मॅडम परत झुकल्या.

दोन वाजून गेले आणि मॅडम बदलल्या. फोन वर धरायच्या, खाली धरायच्या, घराच्या मागे जायच्या. रेंज नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं मी पाहिलं. आजा म्हणाले, "त्या टेकडीवर चढा. एक दांडी येते कधी कधी."

आम्ही तिघं टेकडीवर चढलो. चप्पल घालून चढू नका, काटे फार आहेत. अडीचला पाच मिनिटं कमी असताना फोन लागला, पण आवाज तुटत होता म्हणून मॅडमनी स्पीकर चालू केला. एका म्हाताऱ्या बाईचा बारीक आवाज आला. मग एका जवान पोरीचा. सगळं जपानीत. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण कान तर चालू असतात. ती पोरगी म्हातारीला मधेच म्हणाली, "आमा."

आमच्या बाजारात शिटी वाजवत फिरणारा नेपाळी गुरखा घरी आईला फोन करतो तेव्हा असंच म्हणतो. तोच सूर, तोच गोडवा.

फोन झाल्यावर मॅडम पुढे उतरायला लागल्या. मी पायलला धरलं. "ती पोरगी नेपाळची होय ना?"

"तुमाले कसं समजलं?"

"ते सोड. कोण हाय ते सांग."

पायलनं सांगितलं. ती म्हातारी म्हणजे मॅडमची आई, चौऱ्यांशी वर्षांची. टोकियोपासून लांब एका वृद्धाश्रमात असते. तिकडे संध्याकाळचे सहा, जेवणाची वेळ, म्हणून मॅडम रोज अडीचला फोन करतात. तिची देखभाल करणारी पोरगी नेपाळची, सुनिता नाव. पायल तिकडे जाऊन हेच काम करणार होती. म्हातारी वेगळी, काम हेच.

मी टेकडीवरच बसलो. म्हणजे ही बाई स्वतःची आई तिकडे ठेवून यवतमाळात आमच्या पोरींना शिकवते, की दुसऱ्यांच्या आयांना कसं सांभाळायचं? मला राग यायला पाहिजे होता. बायकोचं बोलणं खरं निघालं म्हणून घरी फोन करून सांगायलाही पाहिजे होतं. पण टेकडीवर चढताना मॅडमचा जीव कसा टांगला होता, तेही मी पाहिलं होतं. परतीच्या वाटेवर पांढरकवड्याला चहा घेतला. चांगला होता असं पायल म्हणते, मला चव आठवत नाही.

अमावास्या : आमचा तांडा

आम्ही बंजारा. आमचा तांडा बाभुळगावच्या बाजूला, यवतमाळहून तासाभरात पोचतो. तांडा हे फिरायचं ठिकाण नाही, बोलावल्याशिवाय जाऊ नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. बोलावलं तर मात्र पोट रिकामं ठेवून जा.

भावाच्या घरी त्या दुपारी नायक आणि तांड्यातली दहा-बारा मोठी माणसं बसली होती. नायक म्हणजे आमच्या तांड्याचे प्रमुख, माझ्या वडिलांच्या वयाचे. विषय पायलचाच. मी सही करायच्या आधी त्यांना विचारावं, अशी भावाची इच्छा. मला वाटलं होतं विरोध होईल, पण गोष्टी बऱ्या चालल्या होत्या. नायक म्हणत होते, "आपले बापजादे बैलावर मीठ लादून कुठं कुठं गेलते. पोरगी विमानात जाईन. फरक तो काय?" बायको आतल्या दाराशी ऐकत होती. तिचा चेहरा आंबट, पण ऐकत होती.

तेवढ्यात नायक तंबाखू थुंकायला बाहेर गेले आणि तिथूनच ओरडले, "हे कोणाचं काम हाय?"

सगळे बाहेर. ओट्याखाली सगळ्यांचे जोडे, चपला, सँडल एका सरळ रेषेत लावलेले होते आणि सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे होती. जणू घरानं सगळ्यांना सांगितलं, निघा आता.

"बोलावून बसवलं अन् जोड्यायचं तोंड रस्त्याकडे?" नायकांचा आवाज चढला. "चला रे. दार दाखवलं आपल्याले." दोघं-तिघं जोड्यात पाय घालूही लागले. सोपंच होतं, जोडे तयारच होते!

मॅडम पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभ्या. आपण काही केलं एवढं त्यांना कळलं, काय केलं ते कळलं नाही. त्या कमरेत वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, किती संस्कारी बाई हाय!" आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मॅडमना वाटलं अजून खाली वाकायला सांगितलं. त्या अजून वाकल्या.

पायल धावत आली. "नायक बापू, त्यायच्या देशात पाव्हण्याले जातानी वळा लागू नये म्हणून जोडे फिरवून ठेवतात. मान देतात तो."

नायक थांबले. "म्हणजे जाणाऱ्याची सोय?"

"हो."

"आपण येणाऱ्याची सोय करतो. जाणाऱ्याले तं आपण बस म्हंतो, अजून बस म्हंतो."

"तेई म्हंतात. पण जोडे फिरवून ठेवतात."

नायकांनी बराच वेळ जोड्यांकडे पाहिलं. मग पायानंच आपले जोडे घराकडे फिरवले, आत येऊन बसले आणि म्हणाले, "मले तं काही समजलं नाही. चहा आण." मला इतकं बरं वाटलं! मला वाटत होतं न समजणारा मी एकटाच आहे. पण पाठवायचं की नाही, ती गोष्ट त्या चहाबरोबरच गेली. जाताना नायक म्हणाले, "पोरगी तुही, सही तुही."

दिवे लागायच्या वेळेला आमच्याकडे 'मेरा' असतो. लग्न न झालेल्या पोरी हातात दिवा घेऊन तांड्यातल्या प्रत्येक घरी जातात, घरातल्या मोठ्यांना ओवाळून आशीर्वाद मागतात. पुढच्या वर्षी जिचं लग्न झालेलं असेल तिचा तो शेवटचा. भावजयीनं पायलला आरशांची जुनी फेटिया-कांचळी, म्हणजे आमची घागरा-चोळी, घातली. ती पोरींच्या रांगेत गेली आणि ओट्यावर मी आणि मॅडम दोघंच उरलो. भाषांतर करायला कोणी नव्हतं.

"मॅडम," मी म्हणालो, "तीन दिवस झाले, मी घुमवून घुमवून विचारून राह्यलो. आता सरळ सांगा. पाठवू का नको?"

त्यांनी मान कलती केली. मला वाटलं, आलं परत थोडं कठीण. पण त्या एकेक शब्द शोधून बोलल्या.

"पहिलं वर्ष ती रोज रडेल. तुम्हाला सांगणार नाही."

"तुमाले कसं माहीत?"

"मी रडले. यवतमाळमध्ये. एक वर्ष. तुम्ही माझी सायकल दुरुस्त केली, त्या दिवशीसुद्धा."

मला तो दिवस आठवत होता. पंक्चर काढलं, त्या हसल्या, वाकल्या, गेल्या. माझ्या कानांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

"मंग राह्यल्या कायले?"

"सकाळी साडेसातला मुली येतात. शिकवायचं असतं." त्या समोर पोरींच्या दिव्यांकडे पाहत होत्या. "दुसऱ्या वर्षी कधीतरी रडणं थांबलं. कोणत्या दिवशी, लक्षात नाही."

"अन् आई?"

"आईला मी आठवत नाही. सुनिता आठवते." मग म्हणाल्या, "मला राग नाही." आणि बऱ्याच वेळानं, "आहे. थोडा."

त्या हसत होत्या का, ते अंधुक उजेडात दिसलं नाही. पोरी आमच्या ओट्यापाशी आल्या. पायलनं दिवा माझ्याभोवती ओवाळला, मग मॅडमभोवती. मॅडमना काय द्यायचं ते माहीत नव्हतं. त्यांनी खिशातून स्वतःचा रुमाल काढला, घडी नीट केली आणि दोन्ही हातांनी तिला दिला.

घरी

लोक विचारतात, जपानी पाहुणीला घेऊन यवतमाळ जिल्हा फिरायचा तर काय काय दाखवावं. कळंब दाखवा, झरीचं रान दाखवा, तर्री अर्धी द्या. खर्च डिझेलचा आणि टोपल्यांचा, बाकी सगळीकडे लोकच जेवू घालतात. आणि तीन दिवसांत माणूस ओळखतो म्हणणाऱ्यांनी थोडं नरमाईनं घ्यावं, एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे. मी घरून एक प्रश्न घेऊन निघालो होतो. मॅडमनी सरळ उत्तर दिलं आणि ते पाठवा म्हणणारं होतं की नका पाठवू म्हणणारं, ते मला आजही सांगता येत नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी फॉर्म समोर घेऊन बसलो. पायल आतेभावांना ओवाळायला गेली होती. बायकोला सगळं सांगितलं, टेकडीवरचा फोन, सुनिता, ओट्यावरचं बोलणं. लपवलं काहीच नाही. म्हातारीला पोटची पोरगी आठवत नाही, हेही. म्हटलं, हे ऐकून ही फॉर्म फाडूनच टाकेल, म्हणजे आपली सुटका.

तिनं हातातलं काम ठेवलं. "त्या नेपाळच्या पोरीच्या याडीनं बी असी सही केली असन न?"

याडी म्हणजे आमच्यात आई. मी म्हणालो, "केली असन. मी विचारलं नाही."

"तुमी कायले विचारसान!"

तिनं पदराला हात पुसले, फॉर्म ओढून घेतला आणि आईच्या रकान्यात हळूहळू, एकेक अक्षर दाबून सही केली.

"अवं, तूच तं नाही म्हणून राह्यली होती. आता समजलं तरी का तुले, काय करा लागते ते?"

"मले समजलं." तिनं पेन माझ्याकडे केला. "तुमाले नसन समजलं तं राहू द्या. सही करा."

केली.